सीपीआर आणि बेसिक लाइफ सपोर्ट: आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अद्ययावत मार्गदर्शन

बेसिक लाइफ सपोर्ट (बीएलएस) म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठीच्या प्राथमिक जीवरक्षक पायऱ्या; छातीवर दाब आणि श्वास देणे, म्हणजेच सीपीआर, हा त्यांचा गाभा. याचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी दोन वर्षांसाठी दिले जाते, परंतु हाताला लागलेले वळण तेवढे दिवस टिकत नाही. सराव थांबला, की काही महिन्यांतच दाबाची खोली कमी होऊ लागते, वेग बिघडतो आणि ॲम्बू बॅगवरची (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवरची) पकड सैल पडते. प्रत्यक्ष प्रसंगी नाव मात्र प्रमाणपत्रावर असलेल्याचेच पुकारले जाते. त्यामुळे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्ड सहायक अशा सर्वांनी बीएलएसच्या पायऱ्या सध्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुन्हा तपासून घेणे आवश्यक आहे. या लेखात प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर मांडली आहे: ती पार पाडताना छातीवरचे हात किती काळ थांबतात?

ही कसोटी निवडण्यामागे शरीरक्रियेचे कारण आहे. हृदय बंद पडलेले असताना हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्त ढकलणारा रक्तदाब छातीवरच्या एका दाबाने तयार होत नाही. सलग दिलेल्या अनेक दाबांनंतर तो हळूहळू चढतो आणि हात थांबताच झपाट्याने खाली येतो. पुन्हा सुरुवात केल्यावर तो लगेच पूर्वीच्या पातळीवर पोहोचत नाही, पहिले काही दाब केवळ गमावलेली पातळी भरून काढण्यातच खर्च होतात. म्हणजे दहा सेकंदांच्या खंडाची किंमत दहा सेकंदांपेक्षा नेहमीच जास्त असते. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ छातीवर दाब सुरू होता, हे प्रमाण किमान ६० टक्के असावे आणि चांगल्या चमूने ते ८० टक्क्यांपर्यंत न्यावे, अशी अपेक्षा आहे. दहा मिनिटांच्या प्रसंगात ६० टक्के म्हणजे पूर्ण चार मिनिटे रक्ताभिसरण जवळजवळ बंद. हा हिशेब एकदा मनात बसला, की पुढच्या सूचनांमागचा आग्रह वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सूचना कशा बदलत गेल्या

बंद छातीवर बाहेरून दाब देण्याची पद्धत १९६० मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी वैद्यकीय जगासमोर मांडली. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने श्वासमार्ग, श्वास, दाब हा जुना क्रम बदलून दाबाला पहिले स्थान दिले. २०१५ मध्ये वेग आणि खोली या दोन्हींना वरची मर्यादा घातली गेली, कारण जास्त जोर आणि जास्त घाई यांनीही नुकसान होते हे स्पष्ट झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि युरोपियन रिससिटेशन कौन्सिल या दोन्ही संस्थांनी नव्या सूचना प्रसिद्ध केल्या.

नव्या अमेरिकन सूचनांमध्ये प्रौढ आणि बालक, रुग्णालयातील आणि रुग्णालयाबाहेरील अशा वेगवेगळ्या साखळ्यांऐवजी सर्वांसाठी जीवनरक्षणाची एकच साखळी (मदतीचे क्रमवार टप्पे) ठेवली आहे. तान्ह्या बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब देण्याची पद्धत काढून टाकली आहे. घशात काही अडकलेल्या प्रौढाला आणि मोठ्या बालकाला आता आधी पाठीवर थाप आणि मग पोटावर दाब, असा क्रम दिला आहे. युरोपियन सूचनांमध्ये हा क्रम पूर्वीपासूनच होता. प्रौढांच्या दाबाची खोली, वेग आणि तीसास दोन (तीस दाबांमागे दोन श्वास) हे प्रमाण मात्र तसेच आहे. ज्यांनी पूर्वी नीट प्रशिक्षण घेतले आहे त्यांना बहुतांश गोष्टी ओळखीच्याच वाटतील. तोच धोका आहे, कारण ओळखीच्या गोष्टीचा सराव करावासा वाटत नाही.

पहिली पायरी: ओळख आणि मदतीची हाक

जागा सुरक्षित आहे ना, हे क्षणभर पाहावे, हातमोजे घालावेत आणि रुग्णाच्या दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर जागेवरूनच ओरडून मदत मागावी आणि रुग्णालयाची आपत्कालीन यंत्रणा किंवा स्थानिक आपत्कालीन क्रमांक कार्यान्वित करावा. एईडी (हृदयाची लय स्वतः तपासून विद्युत शॉकची सूचना देणारे यंत्र) किंवा हाताने चालवण्याचा डिफिब्रिलेटर कोणी आणायचा हे एका व्यक्तीकडे बोट दाखवून सांगावे. “कोणीतरी घेऊन या” असे म्हटले, की अनेकदा कोणीच हलत नाही.

त्यानंतर श्वास आणि नाडी एकाच वेळी तपासावी. प्रौढात मानेची कॅरोटिड नाडी, बालकात कॅरोटिड किंवा जांघेतील फिमोरल आणि एक वर्षाखालील बाळात दंडाच्या आतील बाजूची ब्रेकियल नाडी पाहावी. किमान पाच सेकंद द्यावेत, दहापेक्षा जास्त देऊ नयेत. दहा सेकंदांत नाडी नक्की लागली असे म्हणता येत नसेल, तर ती नाही असे समजून दाब सुरू करावेत. अनुभवी माणसांकडूनही इथे वेळ जातो. बोट थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवत अर्धे मिनिट निघून जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी चूक होते ती श्वास ओळखताना. हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत रुग्ण अधूनमधून आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेऊ शकतो. जबडा हलतो, आवाज येतो, पण छाती नीट वर येत नाही. हा श्वास नव्हे, असे मानूनच पुढे जावे.

नाडी आहे पण श्वास पुरेसा नाही, अशा प्रौढाला दर सहा सेकंदांनी एक श्वास द्यावा आणि दर दोन मिनिटांनी नाडी पुन्हा पाहावी. ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधांचा परिणाम असल्याची शंका असेल तर तो उतरवणारे नॅलोक्सोन द्यावे. मात्र नाडी नसेल तर नॅलोक्सोन शोधण्यासाठी सीपीआर थांबवू नये.

दुसरी पायरी: छातीवर दाब

रुग्ण पाठीवर, टणक पृष्ठभागावर असावा. पलंगावर असेल तर पाठीखाली कडक फळी सरकवावी आणि हवेची गादी असेल तर तिचा हवा झटकन सोडणारा सीपीआर व्हॉल्व्ह उघडावा, कारण मऊ गादीवर आपण देत असलेल्या खोलीतला काही भाग गादीच खाऊन टाकते. पलंगाची उंची दाब देणाऱ्याच्या सोयीने खाली घ्यावी, नाहीतर पायाखाली स्टूल घ्यावे. कोपर ताठ ठेवल्यावर खांदे रुग्णाच्या छातीच्या बरोबर वर आले पाहिजेत. ते तसे येत नसतील, तर पूर्ण जोर दंडांतून काढावा लागतो आणि एका मिनिटात हात भरून येतात.

छाती उघडी करून एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर, मध्यभागी ठेवावा. स्टर्नमच्या अगदी खालच्या टोकावर दाब पडू नये. दुसरा हात पहिल्यावर ठेवून बोटे एकमेकांत गुंफावीत आणि फासळ्यांपासून उचललेली ठेवावीत. कमरेतून वाकून शरीराचे वजन सरळ खाली सोडावे. प्रौढात खोली किमान ५ सेंटिमीटर असावी, पण ६ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. वेग मिनिटाला १०० ते १२० ठेवावा. या वेगाने तीस दाबांना पंधरा ते अठरा सेकंद लागतात. त्याहून लवकर संपत असतील तर आपण घाई करत आहोत. लठ्ठ रुग्णातही तंत्र हेच राहते.

दाब देण्याइतकेच दाब सोडणे महत्त्वाचे आहे आणि प्रशिक्षणात त्याच्याकडे नेहमी दुर्लक्ष होते. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त परत भरते. दमलेला माणूस नकळत छातीवर टेकून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला हालचाल सुरू असलेली दिसते, पण प्रत्येक वेळी छाती थोडी दबलेलीच राहते. तळहात त्वचेला स्पर्श करत राहावा, पण वर येताना त्यात वजन नसावे. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सराव करताना जोडीदाराने केवळ या एकाच गोष्टीकडे एक मिनिट लक्ष देऊन पाहावे. बरेच काही लक्षात येईल.

दर दोन मिनिटांनी, किंवा दमल्याचे जाणवले तर त्याआधीच, दाब देणारा बदलावा. दमल्याची जाणीव उशिरा होते आणि खोली आधी कमी होते, त्यामुळे “मी ठीक आहे, चालू ठेवतो” या शब्दांवर चमूप्रमुखाने विसंबू नये. बदल करताना नवी व्यक्ती समोरच्या बाजूला हात तयार ठेवून उभी असावी. एईडी हृदयाची लय तपासत असताना अदलाबदल करावी आणि ती पाच सेकंदांत संपवावी.

तिसरी पायरी: श्वास

तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. कपाळ मागे आणि हनुवटी वर करून श्वासमार्ग उघडावा. मानेला इजा झाल्याची शंका असल्यास डोके न वळवता दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलावा. त्याने श्वासमार्ग उघडला नाही तर डोके मागे करावे, कारण अशा वेळी श्वास अधिक महत्त्वाचा असतो.

ॲम्बू बॅग एकट्याने नीट चालवणे वाटते तितके सोपे नाही. रुग्णाच्या डोक्याशी उभे राहून मास्कची अरुंद बाजू नाकाच्या उंचवट्यावर ठेवावी. अंगठा आणि तर्जनीने मास्कवर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी पकड घ्यावी आणि उरलेली तीन बोटे ‘ई’ अक्षरासारखी जबड्याच्या हाडावर टेकवावीत. बोटे हनुवटीखालच्या मऊ भागात रुतू देऊ नयेत, त्याने जीभ मागे ढकलली जाते. इथे नेमकी गोष्ट अशी, की मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो. चेहरा मास्ककडे वर उचलायचा असतो. मास्क खाली दाबला, की हनुवटी खाली जाते, श्वासमार्ग मिटतो आणि हवा कडेने फुसफुसत बाहेर पडते. माणसे पुरेशी असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी. माझ्या मते प्रत्येक वॉर्डाने हीच पद्धत पहिली पसंती म्हणून ठरवून ठेवावी.

प्रत्येक श्वास सुमारे एका सेकंदात द्यावा आणि छाती वर येताना दिसली, की बॅग सोडावी. प्रौढांची पूर्ण बॅग पिळण्याची गरज नसते. जास्त हवेमुळे छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि पोटात हवा जाऊन उलटी व ती फुप्फुसात जाण्याचा धोका निर्माण होतो. छाती वर आली नाही तर डोक्याची स्थिती सुधारून दुसरा श्वास द्यावा. दोन प्रयत्नांपलीकडे न रेंगाळता दाबांकडे परत जावे. दोन श्वासांसाठीचा खंड दहा सेकंदांच्या आत संपला पाहिजे. श्वासनलिकेत नळी बसवल्यानंतर दाब अखंड सुरू ठेवावेत आणि प्रौढाला दर सहा सेकंदांनी एक श्वास द्यावा. या टप्प्यावर घाबरलेल्या हातून मिनिटाला पंचवीस-तीस श्वास सहज दिले जातात, म्हणून कोणीतरी सेकंद मोजून सांगावे.

चौथी पायरी: एईडी आणि शॉक

एईडी आल्याक्षणी चालू करावे आणि दाब न थांबवता पॅड लावावेत. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली आणि दुसरा डाव्या काखेच्या खाली, छातीच्या बाजूला येतो. छाती ओली असेल तर पटकन पुसावी, औषधाचा पॅच काढून टाकावा आणि त्वचेखाली पेसमेकरचा उंचवटा दिसत असेल तर पॅड थेट त्यावर लावू नये. महिला रुग्णाची ब्रा काढत बसण्याऐवजी बाजूला सरकवून पॅड उघड्या त्वचेवर लावता येतात, ही २०२५ च्या सूचनांमधली उपयुक्त भर आहे. संकोचामुळे महिलांना शॉक मिळण्यास होणारा उशीर त्यामुळे टळू शकतो.

लय तपासताना आणि शॉक देताना कोणीही रुग्णाला स्पर्श करू नये आणि वाहता ऑक्सिजन छातीपासून दूर न्यावा. हाताने चालवण्याचा डिफिब्रिलेटर असेल तर तो चार्ज होईपर्यंत दाब सुरू ठेवावेत. शॉक दिल्यावर मॉनिटरकडे पाहत थांबू नये, नाडीही तपासू नये. लगेच दाब सुरू करून दोन मिनिटांनी लय पाहावी. लय सुधारली तरी हृदयाला पहिली काही सेकंदे, कधी मिनिटे, पुरेसा जोर नसतो. शॉकची गरज नाही असे यंत्राने सांगितले तरी रुग्ण ठीक आहे असा त्याचा अर्थ होत नाही, दाब तसेच सुरू ठेवावेत.

बालके आणि तान्ही बाळे

लहान मुलांत हृदय थांबण्याचे कारण बहुधा श्वासाशी निगडित असते, म्हणून त्यांच्यात श्वासांना अधिक वजन आहे. अमेरिकन सूचनांनुसार एकटा कर्मचारी असेल तर तीसास दोन आणि दोघे असतील तर पंधरास दोन हे प्रमाण ठेवावे. युरोपियन पद्धतीत बालकांना सुरुवातीलाच पाच श्वास दिले जातात. आपली संस्था कोणती पद्धत अनुसरते हे आधीच ठरलेले असावे, प्रसंगी त्यावर चर्चा नको. खोली छातीच्या पुढच्या-मागच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश ठेवावी. बाळात ती सुमारे ४ सेंटिमीटर आणि मोठ्या बालकात सुमारे ५ सेंटिमीटर भरते. नाडी असूनही ती मिनिटाला ६० च्या खाली असेल आणि त्वचा फिकट, थंड किंवा निळसर दिसत असेल, तर श्वास देऊनही सुधारणा होत नसल्यास दाब सुरू करावेत. श्वास पुरेसा नाही पण नाडी चांगली आहे, अशा बालकाला दर दोन ते तीन सेकंदांनी एक श्वास द्यावा.

बाळासाठी दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी दाब द्यावा, किंवा एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरावा. दोन बोटांच्या पद्धतीने पुरेशी खोली मिळत नसे, बोटे लवकर दमत आणि जागा सरकत असे. अनेक जुन्या तक्त्यांवर अजून तेच चित्र आहे. असे तक्ते भिंतीवरून उतरवावेत. एकट्याने असताना बालक डोळ्यांसमोर अचानक कोसळले तर आधी मदत बोलवावी. कोसळताना कोणी पाहिले नसेल तर दोन मिनिटे सीपीआर देऊन मग जावे. आठ वर्षांखालील मुलांसाठी बालकांचे पॅड वापरावेत. ते नसतील तर प्रौढांचे वापरावेत, पण ते एकमेकांना चिकटू देऊ नयेत. गरज पडल्यास एक छातीवर आणि एक पाठीवर लावावा.

घशात काही अडकल्यास

रुग्ण जोरात खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला निघत नसेल, आवाज उमटत नसेल, तर प्रौढाला आणि एक वर्षावरील बालकाला दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि त्यानंतर पोटावर पाच दाब, असे आलटून पालटून द्यावेत. बाळाला पालथे, डोके खाली ठेवून पाच थापा आणि मग उताणे करून तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने छातीवर पाच दाब द्यावेत. बाळाच्या पोटावर दाब कधीही देऊ नये. रुग्ण बेशुद्ध झाला तर सीपीआर सुरू करावा आणि प्रत्येक वेळी श्वास देण्यापूर्वी तोंडात पाहावे. वस्तू दिसली तरच काढावी, न पाहता बोट घालू नये.

गर्भवती आणि बुडालेले रुग्ण

गर्भाशय बेंबीच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर एका व्यक्तीने ते हाताने रुग्णाच्या डाव्या बाजूला सरकवून धरावे, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांवरचा भार हलका होतो. रुग्णाला कुशीवर करून दाब देऊ नयेत, त्याने दाबाचा दर्जा घसरतो. प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात शिशूंच्या चमूला पहिल्याच हाकेत बोलवावे, कारण नाडी परतली नाही तर पाच मिनिटांच्या सुमारास बाळ बाहेर काढण्याचा निर्णय अमलात यायला हवा. बुडालेल्या रुग्णात मूळ प्रश्न ऑक्सिजनचा असतो, त्यामुळे प्रशिक्षित व्यक्तीने श्वासांपासून सुरुवात करावी आणि एईडीची वाट पाहत सीपीआर थांबवू नये.

चमू आणि सराव

एकाने दाब, एकाने श्वास, एकाने डिफिब्रिलेटर, एकाने वेळ व नोंद आणि एकाने नेतृत्व, ही विभागणी पाळीच्या सुरुवातीलाच करावी. सूचना नाव घेऊन द्यावी, ऐकणाऱ्याने ती पुन्हा उच्चारावी आणि काम झाल्यावर “झाले” असे मोठ्याने सांगावे. वेळ पाहणाऱ्याने “पंधरा सेकंदांत बदल” असे आधीच पुकारावे. हे काम कनिष्ठ व्यक्तीकडे असले तरी दाब थांबले आहेत हे ओरडून सांगण्याचा तिचा अधिकार कोणीही नाकारू नये.

सरावाबाबत माझे मत स्पष्ट आहे: दोन वर्षांतून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा दर काही महिन्यांनी, कामाच्या जागीच, दहा-पंधरा मिनिटे सराव करणे अधिक उपयोगी पडते. खोली, वेग आणि छाती परत येणे दाखवणारे मॅनिकिन वॉर्डाच्या कोपऱ्यात ठेवावे. प्रत्येकाने दोन मिनिटे दाब द्यावेत, आकडे पाहावेत, चुकलेली एकच गोष्ट सुधारून लगेच पुन्हा द्यावेत. वेगासाठी मेट्रोनोम वापरावा. कधीतरी पूर्वसूचना न देता खऱ्या खाटेजवळ मॅनिकिन ठेवून पूर्ण प्रसंग उभा करावा. पाठीखालची फळी कुठे ठेवली आहे, ॲम्बू बॅगला योग्य मापाचा मास्क जोडलेला आहे का, डिफिब्रिलेटरची बॅटरी चार्ज आहे का, हे अशाच वेळी कळते.

प्रत्यक्ष प्रसंगानंतर, रुग्ण वाचो अथवा न वाचो, चमूने दहा मिनिटे एकत्र बसावे. डिफिब्रिलेटरमधील नोंद काढून सर्वांत लांब खंड कोणता होता, तो कशामुळे पडला आणि पुढच्या वेळी तो कोण टाळणार, एवढे तीन प्रश्न कोणालाही न दुखावता विचारावेत आणि उत्तरे त्याच दिवशी क्रॅश कार्टच्या (आपत्कालीन साहित्याच्या गाडीच्या) तपासणी वहीत लिहून ठेवावीत.